खाट मिळाली; बिल कुणाच्या नावावर?

परळला एका फेरीत महापालिकेचं केईएम, केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं टाटा आणि ट्रस्टचं वाडिया अशी तीन रुग्णालयं लागतात. तिन्हींचा पैसा वेगवेगळ्या तिजोऱ्यांतून येतो आणि सवलतीचे कागदही त्याप्रमाणे बदलतात. या महिन्यातली बहुतेक पत्रं याच घोळाची आहेत.

प्रश्न : सासऱ्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. महापालिकेच्या रुग्णालयात ऑपरेशन ठरलं, पण इम्प्लांट बाहेरून आणायची चिठ्ठी हातात दिली. आमचं रेशनकार्ड पांढरं, म्हणून योजना मिळणार नाही असं वॉर्डात कुणीतरी सांगितलं. (लालबाग)

उत्तर : ते जुनं झालं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पांढरं कार्डही चालतं आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. खाट, डॉक्टर, नर्स यांचा खर्च महापालिका स्वतःच्या अर्थसंकल्पातून करते. इम्प्लांटसारख्या महागड्या वस्तूंचा साठा मात्र अनेकदा संपलेला असतो, तेव्हा योजनेचं पॅकेज कामी येतं.

चिठ्ठी घेऊन दुकानात जाण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलाशी जा. रेशनकार्ड आणि आधार दाखवा आणि हे ऑपरेशन यादीत आहे का ते विचारा. असेल तर डॉक्टरांचे कागद आणि एक्स-रे लावून पूर्वमंजुरीचा अर्ज जातो. मंजुरी आल्यावर रुग्णालयाला थेट पैसे मिळतात. म्हणूनच क्रम चुकवू नका. तुम्ही आधी दुकानात भरलेले पैसे योजना परत करत नाही. अडतं बहुधा एका ठिकाणी : सासऱ्यांचं नाव गावच्या कार्डावर नाही आणि मुलाच्याही नाही, किंवा आधारवर वेगळंच स्पेलिंग. हे आजच तपासा. त्यांना 70 वर्षं पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीचं केंद्राचं मोफत उपचारांचं कार्ड) काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही. फुले योजनेची चौकशी 155388 वर करता येते.

प्रश्न : मेहुण्याला रात्री ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं. आधी 50,000 डिपॉझिट मागितलं. दुसऱ्या दिवशी चॅरिटीचं विचारलं तर ‘त्या खाटा भरल्यात’ म्हणाले. तो रिक्षा चालवतो. (भांडुप)

उत्तर : तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचं असतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम 41 कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना धर्मादाय रुग्णालयांवर बंधनकारक आहे. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1,80,000 रुपये, दुर्बलांसाठी 3,60,000.

पैसा सरकार देत नाही. रुग्णालय इतर रुग्णांच्या एकूण बिलातले 2 टक्के बाजूला काढतं, तो निर्धन रुग्ण निधी. दहा हजारांच्या बिलातून दोनशे रुपये त्यात जातात. निर्धन रुग्णाची खाट, निवासी डॉक्टर, शुश्रूषा यांचं बिलच लागत नाही. औषधं, इम्प्लांट वगैरे खरेदीच्या किमतीत या निधीत टाकतात. दुर्बल घटकाच्या रुग्णाला औषधं, साहित्य आणि इम्प्लांटच्या खरेदी किमतीचा किमान निम्मा भाग भरावा लागतो.

आता काय करायचं? रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत तहसीलदारांचा उत्पन्न दाखला किंवा रेशनकार्ड जोडा. ‘भरल्यात’ असं उत्तर आलं तर तेही लिहून मागा, तोंडी उत्तराला पुढे कुणी विचारत नाही. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते. ती उघडून त्या वेळेसह स्क्रीनशॉट काढा आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. मेहुण्याला सेमी-प्रायव्हेट खोलीत हलवू देऊ नका. सवलतीचं बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने होतं आणि वरची खोली घेतली की रुग्णालयाला ‘ऐपत होती’ म्हणायला जागा मिळते.

प्रश्न : पॉलिसी 3 लाखांची. खोली दिवसाला 6,000 ची घेतली, चार दिवस राहिले. बिल 1,90,000, कंपनीने 92,000 दिले. खोलीचा फरक तर 12,000 चाच! (दादर)

उत्तर : तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 आहे. दुप्पट भाड्याची खोली घेतली की नुसत्या भाड्याला कात्री लागून भागत नाही. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट यांचे दरही खोलीच्या वर्गानुसार चढतात, म्हणून कंपनी तेही निम्मे करते. इथपर्यंत नियमात आहे.

पण कंपनीने तुम्हाला पाठवलेला हिशेबाचा तक्ता पाहा. भाडं 24,000, त्यातले 12,000 मान्य. सर्जन वगैरे 1,00,000, त्यातले 50,000. हातमोजे आणि फायलिंग फी 6,000, ते शून्य. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट 60,000, आणि त्यांचेही कंपनीने 30,000 केले. ही कपात चूक आहे. विमा नियामकाच्या 2020 च्या नियमांनुसार औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्यांवर अशी प्रमाणशीर कपात (खोलीभाड्याच्या प्रमाणात कात्री) लावता येत नाही. आयसीयूच्या आकारावरही नाही. जिथे खोलीनुसार दर बदलतच नाहीत अशा रुग्णालयात तर ती मुळीच लागत नाही. म्हणजे 1,22,000 मिळायला हवे होते, 30,000 तुमचे बाकी आहेत.

ओळीनिहाय हिशेब जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर सांताक्रूझच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाची मुदत मात्र सांभाळा. रुग्णालयाकडून ‘आमचे दर खोलीनुसार बदलत नाहीत’ असं पत्र मिळालं तर ते जरूर जोडा, कारण मग सर्जनच्या 50,000 वरही दावा उभा राहतो.

प्रश्न : जूनमध्ये पगार 22,000 झाला. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड बंद होणार का? (साकीनाका)

उत्तर : लगेच नाही. मर्यादा 21,000 ची असली तरी वाढ अंशदान काळाच्या (पगारातून विम्याची वर्गणी कापण्याच्या सहामाहीच्या) मध्ये झाली आहे. हा काळ एप्रिल ते सप्टेंबर. तोवर तुमचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के पूर्ण पगारावर कापले जातील, आणि त्या वर्गणीवर लाभ मिळण्याचा काळ पुढच्या जानेवारी ते जून असा चालेल. ‘मर्यादा ओलांडली’ म्हणून हिशेबनिसाने जूनपासूनच कपात थांबवली असेल तर त्याला ती चालू ठेवायला सांगा. आजारपणाच्या रजेच्या भरपाईसाठी या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांचं अंशदान लागतं, आणि कपात मध्येच थांबली की ते तिथेच कमी पडतं.