वाचकांचे प्रश्न : थायरॉईडची बाटली बदलली आणि धडधड सुरू झाली

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये निम्म्याहून जास्त थायरॉईडच्या गोळीबद्दल होते, म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सगळ्यांची पत्रं छापता येत नाहीत, पण ज्यांचा प्रश्न बाकीच्या पाच-दहा जणांचाही होता ती पत्रं निवडली आहेत. नावं मुद्दाम दिली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ४६. नऊ वर्षं झाली ७५ ची गोळी चालू आहे, एकच कंपनी, कधी त्रास नाही. दिवाळीनंतर आमच्या मेडिकलवाल्याकडे ती बाटली नव्हती, त्याने दुसऱ्या कंपनीची दिली, म्हणाला ताई औषध तेच आहे. पंधरा-वीस दिवसांत छातीत धडधड, रात्री दोन-दोनला जाग, हात थरथरतात, चहाचा कप धरला की बशी वाजते. मिस्टर म्हणतात मनाचे खेळ आहेत. ही गोळी डुप्लिकेट असेल का? बंद करू का? – इचलकरंजी

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, गोळी मनाने बंद करू नका. आणि मनाचे खेळ हे आधीच ठरवून मोकळं व्हायचं नसतं, ते सगळं तपासून झाल्यावर शेवटी म्हणायचं असतं, हे मिस्टरांना माझं नाव घेऊन सांगा.

मेडिकलवाला खोटं बोलला नाही. थायरोनॉर्म असो, एल्ट्रॉक्सिन असो की आणखी कुठली, आत औषध एकच, लेवोथायरॉक्सिन. पण तो अर्धंच बोलला. ७५ ची गोळी म्हणजे ७५ मायक्रोग्रॅम. हे किती कमी आहे ते हिशोबाने बघा, एक ग्रॅम औषधात अशा तेरा हजारांच्या वर गोळ्या होतात, म्हणजे चिमूटभर औषध तुम्हाला रोज एक गोळी धरून ३६ वर्षं पुरेल. मग डोळ्याला जी गोळी दिसते ती काय असते, तर जवळजवळ सगळा भराव, कुठे लॅक्टोज, कुठे स्टार्च, कुठे मॅनिटॉल, आणि हा भराव प्रत्येक कंपनीचा वेगळा. त्यामुळे गोळी पोटात किती पटकन विरघळते आणि त्यातलं किती रक्तात जातं यात थोडा फरक पडू शकतो. तापाच्या गोळीत असा थोडा फरक पडला तर कळतही नाही. या गोळीत डोस जरा इकडेतिकडे झाला तरी काहींच्या शरीराला लगेच कळतं, सगळ्यांच्या नाही, पण काहींच्या नक्की.

फ्रान्समध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे लेवोथायरॉक्स नावाची गोळी साधारण ३० लाख लोक घेत होते. मार्च २०१७ मध्ये कंपनीने औषध तेच ठेवून भराव बदलला, लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं, हेतू चांगला होता, गोळीतलं औषध जास्त काळ टिकावं. आणि मग हजारो लोकांनी तक्रारी केल्या, थकवा, चक्कर, केस गळणं, झोप नाही. सुरुवातीला त्यांनाही हेच सांगितलं गेलं की औषध तेच आहे, तुमचा गैरसमज आहे. शेवटी ऑक्टोबरमध्ये सरकारला जुन्या फॉर्म्युल्याची गोळी परत बाजारात आणावी लागली. पुढे काही संशोधकांनी कंपनीच्याच चाचणीचे आकडे पुन्हा मांडून बघितले तर दोन्ही गोळ्यांची सरासरी अगदी सारखी येत होती, पण एकेका माणसाचं बघितलं तर बऱ्याच जणांत फरक होता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण दवाखान्यात माझ्यासमोर सरासरी बसलेली नसते, एक बाई बसलेली असते जिच्या हातातली बशी वाजतेय.

आता तुम्ही काय करायचं. आत्ता उठून दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा आणि लेबलवरचा आकडा बघा. नवीन बाटली खरंच ७५ चीच आहे ना? ७५ लिहिलेलं असताना घाईत १०० ची दिली गेली असं मी स्वतः तीन-चार वेळा पाहिलंय, आणि तसं झालं असेल तर ब्रँडचा प्रश्नच नाही, तुम्ही जास्त डोस घेताय. एक्सपायरीची तारीख पण बघा. जुनी बाटली संपत आली होती तेव्हा ती कशी होती हेही आठवा, वर्षभर गॅसच्या ओट्यावर तिखटाच्या डब्याशेजारी ठेवलेली गोळी उष्णतेने आणि वाफेने कमजोर होते, मग नवी ताजी बाटली उघडली की तोच डोस अंगाला जास्त वाटू शकतो. माझ्या आईची बाटली अशीच वर्षानुवर्षं ओट्यावर होती, लेक डॉक्टर असून मला ते दिसलं नाही याचं अजून वाईट वाटतं.

मग याच आठवड्यात टीएसएच आणि फ्री टी४ या रक्ताच्या तपासण्या करून घ्या, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या, आणि धडधड आहे म्हणून एक ईसीजी. टी४ म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, आणि टीएसएच म्हणजे मेंदूकडून थायरॉईडला जाणारा निरोप, हार्मोन कमी पडलं की तो वाढतो, जास्त झालं की खाली जातो. छातीत दुखलं, दम लागला, नाडी वेडीवाकडी लागली तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, हे औषध शरीरातून निम्मं जायलाच साधारण ७ दिवस लागतात, म्हणून गोळी बदलल्यावर टीएसएच नीट स्थिरावायला ६ ते ८ आठवडे जातात. आत्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी बदलल्यापासून दोन महिन्यांनी परत करायचा. आणि ४६ हे वयही आहे, पाळी जायच्या आधी रात्री जाग, घाम, धडधड हे सगळं थायरॉईडशिवायही होतं, तेव्हा पाळीचं डॉक्टरांना नक्की सांगा.

रिपोर्टमध्ये डोस जास्त दिसला तर डॉक्टर कमी करतील. जुना ब्रँड मिळत असेल तर सरळ त्यावर परत जा, त्यात चुकीचं काही नाही, पण परत जाणं हाही बदलच आहे, पुन्हा ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच. माझा पेशंटसाठी नियम सोपा आहे, ब्रँड बदलला म्हणजे डोस बदलला असं समजून चालायचं. कुठली कंपनी भारी आणि कुठली हलकी यात मला पडायचं नाही, एकावर टिकून राहणं जास्त कामाचं. बाटली संपायच्या पंधरा दिवस आधी मेडिकलवाल्याला सांगून ठेवलं तर ही वेळच येत नाही.

प्रश्न : वय ६३, रिटायर्ड. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी. थायरॉईड ५० वरून ७५, मग १०० केली तरी टीएसएच खाली येत नाही. तीन कंपन्या बदलून झाल्या. गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी सहाला चहाबरोबर सगळ्या एकदम, ॲसिडिटीची, कॅल्शियम, रक्ताची, सगळ्या, म्हणजे विसरायला होत नाही. कोणती कंपनी चांगली ते सांगावे. – नाशिक

उत्तर : काका, शिस्त शंभर नंबरी आहे तुमची, पण उत्तर तुमच्याच पत्रात आहे आणि ते कंपनीत नाही, त्या सकाळच्या मुठीत आहे. कॅल्शियम आणि लोहाची गोळी (तुम्ही रक्ताची म्हणता ती रक्तवाढीची असेल तर तीच) थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवते, ती रक्तात जाऊ देत नाही, म्हणून त्यांच्यात ४ तासांचं अंतर पाहिजे. ॲसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते आणि आम्ल कमी झालं की थायरॉईडची गोळी नीट विरघळत नाही. चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं. म्हणजे तुम्ही १०० घेताय पण पोचतंय किती देव जाणे.

तुमच्या बाबतीत मला काळजी वेगळीच आहे. समजा तुम्ही उद्यापासून सगळं नीट घ्यायला लागलात, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, तर तोच १०० चा डोस एकदम पूर्ण लागू पडेल आणि अँजिओप्लास्टी झालेल्या हृदयाला तो जड जाऊ शकतो. म्हणून हा बदल करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा, मी आत्तापर्यंत चहाबरोबर सगळं एकत्र घेत होतो हे स्पष्ट सांगा, ते कदाचित डोस खाली आणून सुरुवात करतील. हृदयाच्या पेशंटला आम्ही १२.५ किंवा २५ पासून हळूहळू चढवतो ते याचसाठी.

मग रोजचं असं बसवा. उठल्या उठल्या थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम दुपारी जेवणानंतर, लोहाची गोळी संध्याकाळी. ॲसिडिटीची अजून लागते का तेही डॉक्टरांना विचारा, पण स्वतः बंद करू नका, अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर ती पोट सांभाळायला दिलेली असते. सकाळचा चहा एक तास लांबवणं जमतच नसेल तर रात्री झोपताना घ्या, जेवणानंतर ३ तास गेले पाहिजेत एवढंच. रात्री घेतलेली गोळीही तितकीच चांगली लागू पडते, पण मग संध्याकाळच्या लोहाच्या गोळीची वेळ त्यापासून ४ तास लांब ठेवायची.

प्रश्न : मी २७, मागच्या वर्षी टीएसएच ११ आला म्हणून ५० चालू केली. केस खूप गळतात, वजन हललं नाही. मावशी म्हणाली या गोळीने हाडं आणि किडनी जाते, म्हणून दीड महिन्यापासून बंद केलीये आणि कांचनार गुग्गुळ घेतेय. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. – पुणे

उत्तर : बाळा, गोळी परत चालू करायची आहे, पण त्याआधी या आठवड्यात टीएसएच करून डॉक्टरांना भेट. ही गोळी म्हणजे बाहेरचं काही रसायन नाही, तुझी ग्रंथी जे बनवते तेच हार्मोन आहे, ती कमी बनवतेय तेवढं बाहेरून देतो. किडनी या गोळीने जात नाही. हाडांचं मावशी अर्धं खरं बोलली, डोस गरजेपेक्षा जास्त राहिला आणि टीएसएच वर्षानुवर्षं अगदी तळाला गेला तर हाडं विरळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत. म्हणून तर टीएसएच बघत राहतो. टीएसएच योग्य पातळीत असताना हाडांना धोका नाही.

केसांना वेळ लागतो. टीएसएच जागेवर आल्यावरही काही महिने गळतातच, मग नवे यायला लागतात. तोवर हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि व्हिटॅमिन डी बघून घे, आपल्याकडच्या मुलींत केस गळायचं कारण बरेचदा तिथेच सापडतं. आणि वजनाचं खरं सांगते, थायरॉईडमुळे वाढतं ते साधारण २ ते ५ किलो, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी. त्याहून जास्तीचं गोळीने उतरणार नाही, आणि वजन उतरावं म्हणून कुणी डोस वाढवून घेत असेल तर ते धोक्याचं आहे.

वैद्यांचं औषध घ्यायचं तर वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांना सांगून घे, पण गोळीच्या जागी नाही. बाळाचा विचार आहे म्हणून मी जास्त आग्रह धरतेय, पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. म्हणून टीएसएच आधी जागेवर आणायचा, साधारण २.५ च्या खाली, मग चान्स घ्यायचा. टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पुढच्या व्हिजिटची वाट बघायची नाही, कारण बहुतेकींना तेव्हा डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने आलोय. हिची बाटली संपली, इथल्या डॉक्टरने लिहून दिली त्यावर ०.१ मिलिग्रॅम लिहिलंय आणि गोळी पिवळी आहे. हिची भारतात १०० ची होती. घाबरून तीन दिवस दिलीच नाही.

उत्तर : द्या, तीच आहे. ०.१ मिलिग्रॅम म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत प्रत्येक ताकदीला ठरलेला रंग असतो, १०० ची पिवळी, ७५ ची जांभळी, २५ ची केशरी, आणि ५० ची पांढरी कारण तिच्यात रंगच घालत नाहीत. रंगाची ॲलर्जी असणाऱ्यांना तिथले डॉक्टर म्हणूनच ५० च्या दोन देतात. तीन दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही, शरीरात साठा असतो, पण चुकलेल्या तिन्ही एकदम देऊ नका, रोजची एक सुरू करा. दोन महिन्यांनी टीएसएच, आणि भारतात परत येऊन जुनी बाटली सुरू केलीत की पुन्हा दोन महिन्यांनी.

प्रश्न : केसांसाठी बायोटिनची गोळी घेते. टीएसएच एकदम कमी आला, पण मला काहीच त्रास नाही. – ठाणे

उत्तर : बायोटिनने बऱ्याच लॅबच्या मशीनची गफलत होते, टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटं जास्त दिसू शकतं. किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवून परत तपासा, डोस अजिबात बदलू नका तोवर.

प्रश्न : हरतालिकेला मी पाणीही पीत नाही. गोळीचं काय करू? – चिपळूण

उत्तर : माझं मत विचाराल तर एक घोट पाण्याबरोबर घ्यावी, पण तुमचं मन त्याला तयार नसेल तर त्या एका दिवसाने काही होणार नाही. उपवास मध्यरात्रीनंतर सोडत असाल तर सोडताना आधी गोळी, मग अर्धा तास थांबून बाकीचं. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी एक. ब्लडप्रेशरची, शुगरची गोळी चालू असेल तर मात्र हे गणित लागू नाही, ते डॉक्टरांना वेगळं विचारा.