नेम धरायला लेझर चालतो का?

प्रश्न : मॅडम, आम्ही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलं रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेची तयारी करतोय. आमचा रोबो चेंडू फेकतो, पण चालवणाऱ्याला नेम कुठे धरलाय ते कळत नाही. म्हणून फेकणाऱ्या नळीखाली लाल लेझर बसवायचा विचार आहे. सिनिअर म्हणतात, लेझर दिसला की बाद करतात. खरं काय?
— एक विद्यार्थी, कराड

उत्तर : सिनिअर निम्मे बरोबर आहेत. एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) भरवते त्या रोबोकॉनच्या नियमपुस्तकात वर्षानुवर्षं येणारं कलम असं : लेझर वापरायचाच तर क्लास २ (धोक्यानुसार लेझरचे वर्ग असतात, आकडा लहान तितका धोका कमी) किंवा त्याखालचा, आणि तोही प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाणार नाही अशा बेतानं. म्हणजे सरसकट बंदी नाही. तरी यंदाचं पुस्तक उघडा आणि सुरक्षेचं पान स्वतः वाचा. सिनिअरांवर विसंबू नका, माझ्यावरही नको.

आता तुमचा लेझर कुठला ते बघू. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो तो पितळी नळीचा केवाय-००८ असेल, तर त्याच्या माहितीत ६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॉट असं लिहिलेलं असतं. क्लास २ची मर्यादा १ मिलिवॉट. १ ते ५ च्या मधला लेझर क्लास ३आर झाला, तो नापास. किल्लीला लावायच्या पॉइंटरवर ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’ असा स्टिकर असतो. मुलं तोच पुरावा म्हणून पुढे करतात!

स्टिकरचाही भरवसा नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेनं २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासले, तर हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लाल्यांपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. स्वस्तातल्या हिरव्याचं तर नावच काढू नका. त्यात आधी १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त किरण तयार होतो आणि स्फटिकातून त्याचा ५३२चा हिरवा होतो. फिल्टरचे पैसे वाचवले असतील तर उरलेलं अवरक्त तसंच बाहेर येतं. क्लास २ची सगळी मदार पापणीवर आहे : झगझगीत उजेड पडला की माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो. न दिसणाऱ्या किरणाला पापणी काय करणार?

बालेवाडीच्या स्पर्धांना मी कॉलेजच्या टीमबरोबर असायचे. प्रेक्षक लांब बसतात, त्यांची मला फार काळजी नसे. री-ट्राय, म्हणजे पुन्हा सुरुवात करायची संधी, मागितला की आपलंच पोरगं धावत येऊन रोबोपुढे गुडघ्यांवर बसतं, तोंड बरोबर नळीसमोर. मोटर बंद केलेली असते, पण लेझर परस्पर बॅटरीला जोडलेला म्हणून चालूच. वर चकचकीत ॲल्युमिनिअमच्या चॅनेलवरून किरण कुठे उसळेल ते सांगता येत नाही.

बरं, नियमात बसणारा लेझर मिळाला असं धरू. उपयोग किती? लेझर सरळ जातो, चेंडू कमान घेऊन पडतो. ठिपका आणि चेंडू एकाच अंतरावर जुळतील, रोबो हात-दीड हात मागे सरकला की फारकत. २०२२ ला रोबोकॉनचं यजमानपद भारताकडे, दिल्लीत होतं तेव्हा खेळ लगोरीचा होता. तिथे डावं-उजवं साधून भागत नव्हतं, चेंडू थराच्या कितव्या चकतीवर लागतो याला मोल होतं. ठिपका तुम्हाला फक्त दिशा देतो, आणि स्टेडियमच्या दिव्यांत १ मिलिवॉटचा ठिपका शोधण्यातच चालवणाऱ्याचा वेळ जातो.

तुम्हाला हवंय ते अंतर. व्हीएल५३एल०एक्स हा सेन्सर घ्या : ९४० नॅनोमीटर, क्लास १, साधारण २ मीटरपर्यंत मोजतो. त्यापलीकडे चाकांच्या एन्कोडरवरून (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) हिशेब करा. मग प्रत्येक अंतराला फ्लायव्हील, म्हणजे चेंडू फेकणारं चाक, किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) ठेवायचं याचा तक्ता सरावात बनवा. काम कंटाळवाणं आहे, पण नेम त्यानंच बसतो.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा) टीममध्ये आहे. त्यांच्या रोबोवर ‘लेझर डिस्टन्स सेन्सर’ आहे म्हणे. डोळ्यांना धोका आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नाही. ती स्पर्धा लेझरच्या बाबतीत रोबोकॉनपेक्षा कडक आहे. क्लास १ सोडून दुसरा उघडा लेझर तिथे चालत नाही. क्लास १ म्हणजे नेहमीच्या वापरात निर्धोक. नेमासाठी त्या टीम लेझरऐवजी कॅमेरा वापरतात. पूर्वी लक्ष्यावर चमकणारी परावर्तक पट्टी असे, २०२३ पासून एप्रिलटॅगचे, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणाऱ्या खुणांचे, काळे-पांढरे चौकोन आले. पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या जागेत, गॉगल घालायला लावतात तो मात्र लेझरसाठी नव्हे. ते साधं पारदर्शक प्लास्टिक लाल किरण जवळजवळ जसाच्या तसा आत सोडतं. गॉगल आहे तो ड्रिलच्या कपच्यांसाठी आणि ताणलेल्या रबराच्या फटक्यासाठी, म्हणून तो काढू देऊ नका.