धाकट्याला पहाटे उठवणं आधी बंद कर

प्रश्न : माझं वय २९. गेले चार महिने आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे एक भयंकर प्रकार होतो. डोळे उघडे असतात, खोली दिसते, वरचा पंखा दिसतो, पण हात-पाय हलत नाहीत. ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. दाराशी कुणीतरी उभं असतं, बाई असावी. ती हळूहळू जवळ येते आणि छातीवर बसते. श्वास कोंडतो, आता संपलं असं वाटतं आणि मग एकदम सगळं सुटतं. मागच्या महिन्यात आठ दिवस मावशीकडे होते, तिथे एकदाही झालं नाही. म्हणून आई म्हणते, खोलीतच काहीतरी आहे, खोली बदल. मैत्रीण म्हणते, मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. तसा घरात ताण काही नाही. धाकटा भाऊ परीक्षेची तयारी करतोय, गुणी आहे. त्याला गजरानं जाग येत नाही म्हणून साडेतीनला मीच उठवते, तो अभ्यासाला लागेपर्यंत बसते आणि मग पुन्हा जरा आडवी होते. सातला ऑफिससाठी उठायचं असतं. रात्री झोपायला बारा वाजतात. मला वेड लागतंय का? आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी घेऊन पाहू का?
– पहाटेची धास्ती घेतलेली

उत्तर : खोली बदलू नकोस. गोळीला हात लावू नकोस. तुला वेड लागलेलं नाही. आणि उद्या पहाटे साडेतीनला उठू नकोस.

पत्रभर तू त्या बाईबद्दल लिहिलंस, आणि भावाचं प्रकरण 'ताण काही नाही' म्हणत जाता जाता उरकलंस. मला त्या बाईपेक्षा तो भाऊ महत्त्वाचा वाटतो. तुझ्या आईनं मावशीकडच्या आठ दिवसांचा धागा बरोबर पकडला, फक्त ओढला चुकीच्या बाजूला. मावशीकडे खोली वेगळी होती, हे खरं. पण तिथे साडेतीनला कुणाला उठवायचंही नव्हतं. तू सलग झोपलीस आणि बाई आली नाही. तिला तुझ्या घराचा पत्ता ठाऊक आहे, मावशीचा नाही, असं मानायचं असेल तर मान. मला दुसरं कारण पुरतं.

तुला होतं त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत जाते. पहिल्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त असते आणि स्वप्नांची झोप, जिला रेम झोप म्हणतात, ती थोडी. रात्र सरत जाते तशी रेम झोप लांबत जाते. तिचा मोठा वाटा शेवटच्या तिसऱ्या भागात, म्हणजे नेमका पहाटे असतो. रेम झोपेत मेंदूस्तंभ, म्हणजे मेंदूचा मणक्याला जोडलेला खालचा भाग, स्नायूंना जाणारे हुकूम अडवून धरतो. नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरोखरच पलंगावरून उडी मारली असती. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा, यांना त्यातून सूट असते. स्नायूंची ही अडवणूक चालू असतानाच भान जागं झालं, की तू लिहिलंस ते सगळं होतं.

आता तुझी रात्र बघ. बाराला झोपतेस, साडेतीनला उठतेस. गाढ झोप बरीचशी पदरात पडते, रेम झोप बहुतेक बाकीच राहते. मग तासभर बसून राहतेस आणि साडेचारच्या सुमाराला पुन्हा आडवी होतेस. त्या वेळी शरीराचं घड्याळही रेम झोपेकडेच ढकलत असतं आणि मागची थकबाकी असतेच. एरवी झोप लागल्यावर रेमपर्यंत पोचायला तास-दीड तास लागतो. तू थेट त्यातच उतरतेस. त्यातून एक कान धाकट्याच्या खोलीकडे, तो पुन्हा पांघरुणात शिरला का, हे ऐकायला. शरीर रेम झोपेत आणि भान अर्धं पहाऱ्यावर. दुसरं काय होणार?

हा माझा तर्क नाही. १९९२ साली जपानमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत स्लीप पॅरालिसिस मुद्दाम घडवून आणला. त्यासाठी त्यांनी काय केलं? लोकांना मध्येच झोपेतून उठवलं, तासभर जागं ठेवलं आणि पुन्हा झोपू दिलं. सगळ्यांना नाही, पण काहींना तो झाला, आणि झाला तो थेट रेम झोपेत उतरताना. तू हाच प्रयोग चार महिने स्वतःवर, घरच्या घरी, भावाच्या परीक्षेसाठी करते आहेस.

बाई का दिसते, तेही सांगते, कारण कारण कळलं की भीतीतली बरीचशी हवा जाते. त्या क्षणी तुझे डोळे खरोखर उघडे असतात. खोली खरी, पंखा खरा. त्यावर स्वप्नाचा मजकूर चढतो, म्हणून तो इतका खरा वाटतो. रेम झोपेत अमिग्डला हा मेंदूतला भीतीशी संबंधित भाग जोरात चालू असतो. अंग हलत नाही ही जाणीव त्यात मिसळली, की मेंदू धोका शोधू लागतो आणि अंधुक दाराशी त्याला कुणीतरी सापडतं. छातीवरचं ओझं सोपं आहे : श्वासपटल चालू असतं, पण बरगड्यांमधले स्नायू सैल पडलेले असतात. घाबरून तू मुद्दाम खोल श्वास ओढायला जातेस, तो ओढला जात नाही, आणि कुणीतरी दाबतंय असं वाटतं. श्वास प्रत्यक्षात चालूच असतो. पुष्कळांना तिसरा एक प्रकार होतो, आपण तरंगतोय किंवा शरीराबाहेर पडलोय असा. तुला झाला तर बिचकू नकोस, तो याच कुळातला. आणि दर वेळी तीच बाई का? कारण आता तू झोपताना तिचीच वाट बघतेस.

१६६४ साली इसब्रांड फान डीमरब्रुक या डच वैद्यानं पन्नाशीच्या एका बाईची हकिगत लिहून ठेवली आहे. रात्री कधी सैतान, कधी मोठा कुत्रा, तर कधी चोर तिच्या छातीवर बसे. तिला हलता येत नसे. तिचं कण्हणं ऐकून नवरा तिला जागं करी, आणि कधी कधी पुन्हा झोपल्यावर त्याच रात्री दुसरा झटका येई. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेव, खाली कामाला येईल. २०११ सालच्या एका मोठ्या आढाव्यात सर्वसाधारण लोकांपैकी ७.६ टक्क्यांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आल्याचं दिसलं. विद्यार्थ्यांमध्ये हा आकडा २८.३ टक्के. झोपेचे हाल करून घेणाऱ्यांत तो जास्त निघावा, यात नवल नाही.

आता झटका आलाच तर. पहिली गोष्ट, सगळं अंग उठवायची धडपड करू नकोस. मोठे स्नायू अडवलेले आहेत. जितकी झटशील तितकी घाबरशील आणि तितकं ते लांबेल. डोळे मिटून घे, म्हणजे बाईला उभं राहायला खोली उरणार नाही. श्वास ओढू नकोस, सोडण्याकडे लक्ष दे. आत तो आपोआप येतो. मग एकच छोटी जागा निवड, पायाचा अंगठा किंवा करंगळी, आणि तेवढीच हलवायचा प्रयत्न कर. नाही हलली तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरव, ते तुझ्या ताब्यात असतात. बहुतेक झटके काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत सुटतात, वाटताना कितीही लांब वाटोत.

सुटल्यावर लोक हटकून चुकतात ते इथे. हायसं वाटतं, ते त्याच कुशीवर डोळे मिटतात आणि परत तिथेच अडकतात. त्या डच बाईसारखं. तू उठून बस. पाय जमिनीवर टेक, दिवा लाव, खोलीबाहेर जाऊन पाच-सात मिनिटं उभी राहा, मग ये. आणि पाठीवर झोपू नकोस. उताणं झोपल्यावर हे झटके जास्त येतात. कुशीवर वळ आणि पाठीमागे एक जाड उशी किंवा गुंडाळलेली चादर आडवी लाव, म्हणजे झोपेत उलटणार नाहीस. घरात कुणाला तुझं कण्हणं ऐकू येत असेल तर सांगून ठेव, नुसता खांद्याला हात लावायचा. तेवढ्यानंही झटका तुटतो.

पण ही सगळी मलमपट्टी. खरा इलाज सलग झोप. अकराला दिवा बंद, साडेसहाला उठणं, मध्ये काही नाही. रविवारीही तेच. रविवारी दहापर्यंत लोळत पडलीस, तर उशिराच्या सकाळी डुलक्यांच्या आत-बाहेर होत पुन्हा रेम झोपेच्या काठावर सापडशील. स्नूझचं बटण त्याच कारणानं बंद. पहिले काही दिवस सवयीनं साडेतीनला जाग येईल. घड्याळ बघू नकोस, मोबाइल उचलू नकोस, कूस बदल. शरीर थकबाकी वसूल करत असल्यानं स्वप्नं ठळक आणि विचित्र पडतील, एखादा झटकाही येईल. त्यावरून उपाय फसला असं ठरवून पुन्हा भावाच्या खोलीकडे निघू नकोस. तीन-चार आठवडे दे. एका वहीत रोज चार गोष्टी लिही : कधी झोपलीस, कधी उठलीस, मध्ये किती वेळ जागी होतीस, झटका आला का.

गोळीचं एका दमात सांगते. ती आईला, आईच्या तब्येतीसाठी दिलेली आहे. तुझ्या झोपेचे दोन तुकडे कुठलीही गोळी जोडून देत नाही, आणि अर्ध्या गुंगीत साडेतीनला उठून घरात फिरणं हा वेगळा धोका. मद्यानं झोप लागते म्हणून कुणी तेही सुचवेल. ते रात्रीच्या पहिल्या भागात रेम झोप दाबतं आणि पहाटे ती उसळून वर येते. तू स्वतः नैराश्याचं किंवा चिंतेचं एखादं औषध घेत असशील आणि लिहायचं राहिलं असेल, तर ते मनानं बंद करू नकोस. एकदम सोडल्यावरही अशीच उसळी येते.

मैत्रिणीचा सल्ला वाईट नाही, पत्ता जरा चुकला. महिनाभर सलग झोपूनही झटके चालू राहिले, तर ती वही घेऊन निद्राविकारतज्ज्ञाकडे जा. महिना न थांबता जायची लक्षणं वेगळी आहेत : पुरेशी झोप होऊनही दिवसा बोलता बोलता डोळा लागणं, किंवा खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळ जाणं, जबडा लुळा पडणं. ती नार्कोलेप्सीची, म्हणजे दिवसा अनावर झोप येणाऱ्या निद्राविकाराची, खूण असू शकते. त्यासाठी रात्रभर झोपेची तपासणी करतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी छोट्या डुलक्या घ्यायला लावून किती लवकर झोप लागते ते मोजतात. मोठ्यानं घोरत असशील आणि गुदमरून जाग येत असेल, उठून बसल्यावरही श्वास पुरत नसेल, तर तेही दाखवायचंच. आणि पूर्ण जाग आल्यावर एकाच बाजूचा हात-पाय लुळा राहिला किंवा जीभ जड झाली, तर तो हा प्रकार नव्हे. त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

राहिला भाऊ. गुणी आहे म्हणतेस, असेल. पण ज्याला परीक्षा द्यायची आहे त्याला उठायचंही आहे, आणि तो उठला नाही तर नापास होईल ही भीती सध्या तू सांभाळते आहेस, तो झोपलाय. पहाटेच उठून अभ्यास करायला हवा असंही नाही. रात्री अकरापर्यंत बसला तर कुणाची झोप मोडत नाही. पहाटच हवी असेल तर दोन गजर लावायचे, दुसरा खोलीच्या पलीकडच्या टोकाला, उठून चालत गेल्याशिवाय बंद न होणारा. तो वाजत राहिला आणि हा उठला नाही, तरी तू उठायचं नाहीस. दार लाव, कानात बोळे घाल. पहिल्या दोन-चार पहाटा तो नक्की चुकवेल आणि सकाळी तोंड पाडून बसेल. बसू दे.

हे त्याला आज रात्रीच सांग, सगळे जागे असताना, आईच्या समोर. पहाटेवर ठेवलंस तर तू पुन्हा उठशील. आणि घड्याळ त्याचं त्यालाच आणू दे. तू आणून दिलंस, तर त्याचे सेलही तूच बदलत बसशील.