चाकणला व्हीएमसी सेटर आहे, एजंट जर्मनीसाठी साडेचार लाख मागतोय. जावं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २७, आयटीआय मशिनिस्ट, चाकणला सेटर, म्हणजे व्हीएमसी हे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन जॉबसाठी लावून देणारा, ओव्हरटाइम धरून २८ हजार हातात, आणि तो एजंट म्हणतोय साडेचार लाख भर, चार महिन्यांत वर्क परमिट शंभर टक्के, भाषेची गरज नाही. तू म्हणून बोलतो, राग मानू नकोस, मी तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे आणि त्याच धंद्यातला. औंध आयटीआय, मग अप्रेंटिस, मग भोसरीत अकरा वर्षं, आणि सप्टेंबर २०२१ ते मे २०२५ जर्मनीत, स्टुटगार्टच्या पुढे तासाभरावर एक छोटं गाव आहे तिथे. आता परत भोसरीतच आहे, एका टूलरूमला. म्हणजे जाणं पण बघितलंय आणि येणं पण.

एजंटला एक रुपया देऊ नकोस, हे आधी सांगून टाकतो. परदेशात माणूस पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, नोंदणी आहे का नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर दोन मिनिटांत दिसतं, आणि नोंदणी असलेल्यालाही तुझ्याकडून सर्व्हिस चार्ज म्हणून ३० हजार अधिक १८ टक्के जीएसटी एवढंच घेता येतं. म्हणजे ३५,४००. उरलेले चार लाख पंधरा हजार कशाचे ते विचार त्याला, आणि पावती माग. पावती म्हटलं की बघ कसा चेहरा होतो.

दुसरं, त्यानं जो ऑफर लेटरचा फोटो पाठवलाय म्हणतोस त्यात पदाचं नाव काय आहे ते वाच. शेवटी 'हेल्फर' असं असेल तर तो आपला हेल्परच. प्रोडुक्त्सिओन्सहेल्फर म्हणजे लाइनवरचा बिगारी. आणि गंमत अशी की हेल्परच्या कामाला जर्मनी भारतातल्या माणसाला सहसा व्हिसा देतच नाही, जो काही मार्ग आहे तो कुशल कामगारासाठी आहे. म्हणजे एकतर व्हिसा रिजेक्ट होणार नाहीतर कागद खोटा आहे. आमच्या जुन्या शिफ्टचा एक पोरगा असाच साडेपाच लाख भरून पूर्व युरोपातल्या एका देशात गेला, सहा वर्षांचा टर्नर, मायक्रॉनमधल्या मापावर हात बसलेला, आणि तिकडे चिकन पॅकिंगला उभा. शेती गहाण होती त्याची. पगार खोटा नव्हता बरं का, सांगितला तेवढाच मिळत होता, पण तो परत आला तेव्हा मशीनवरचा हात गेलेला होता आणि इथे त्याला परत ऑपरेटरपासून सुरुवात करायला लागली.

हे मला सांगायचंय मुख्य. सगळे युरोचे रुपये करून बघतात आणि खूष होतात. पण तू तिकडे कुशल म्हणून उतरतोस का मजूर म्हणून, हे तुझ्या हातात किती कसब आहे त्यावर ठरत नाही, ते ठरतं विमानात बसायच्या आधी तयार झालेल्या कागदावर. आनर्केनुंग म्हणतात त्याला, म्हणजे आपलं शिक्षण त्यांच्या शिक्षणाच्या बरोबरीचं आहे असा दाखला. आपल्या ट्रेडचं ते काम न्यूर्नबर्गचं आयएचके फोसा नावाचं ऑफिस करतं, फी काही शे युरो. त्यांच्याकडे मशिनिस्टचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, आपलं आयटीआय दोन, वर अप्रेंटिस एक, मग फरक अनुभवानं भरून काढायचा. मला पहिल्यांदा अर्धवटच बरोबरी मिळाली, पूर्ण व्हायला तिकडे जाऊन दहा महिने काम आणि थोडं ट्रेनिंग करावं लागलं, तेवढे दिवस पगार कमी.

तू गेलास तर तुला माझ्यापेक्षा सोपं आहे, कारण मार्च २०२४ पासून नियम सैल झाले. दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण आणि ए२ पर्यंत, म्हणजे भाषेच्या दुसऱ्या लेव्हलपर्यंत (ए१, ए२, मग बी१) जर्मन असेल आणि कंपनी तयार असेल तर तिकडे जाऊन बरोबरीची प्रोसेस चालू करता येते. अजून एक रस्ता आहे, दोन वर्षांचं शिक्षण आणि मागच्या पाच वर्षांत दोन वर्षं अनुभव, बरोबरीचा दाखलाच नको, पण त्याला पगाराची अट आहे, २०२५ ला ती वर्षाला ४३,४७० युरो होती. युनियनच्या करारातली कंपनी असेल तर पगाराची अट सुटते. मला चौथ्या वर्षीही तेवढा पगार नव्हता, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नको. आणि हो, 'दोन वर्षं' हा शब्द नीट बघ, मशिनिस्ट, फिटर, टर्नर दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर एक वर्षाचा. तुझा रूममेट वेल्डर आहे लिहिलंयस, त्याला तोच एजंट तेच सांगतोय, तर त्याला हे दाखव. चान्सनकार्ट म्हणून जे रीलमध्ये दाखवतात ते म्हणजे नोकरी नाही, नोकरी शोधायला जायची परवानगी आहे, आणि त्यासाठी वर्षभराच्या खर्चाचे १३ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. तुझ्या-माझ्यासारख्याचं ते काम नाही.

एजंट लोक पेपरची कात्रणं दाखवतात, २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी १० हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीनं भारतीयांचे कुशल व्हिसा वर्षाला २० हजारावरून ९० हजार करणार म्हणून जाहीर केलं. दोन्ही खरं आहे. पण त्यात 'एजंटमार्फत' कुठेच लिहिलेलं नाही.

आता भाषा. भाषा लागत नाही म्हणणारा माणूस तिथे एक शिफ्ट उभा राहिलेला नाही. मला वाटलं होतं ड्रॉइंगला कसली भाषा, ड्रॉइंग काढायची फर्स्ट अँगल पद्धत तिकडे पण आणि इकडे पण, एच७ ही मापातली सूट म्हणजे एच७च. ते खरंच निघालं, पहिल्याच दिवशी मायस्टरनं, म्हणजे फोरमन, एक जॉब आणि मायक्रोमीटर हातात दिला, मी तीन ठिकाणी माप घेऊन टेपर आहे, म्हणजे एका टोकाला बारीक होतोय, म्हणून बोटानं दाखवलं, तो हसला आणि मान हलवली. मशीनचा कंट्रोल, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, मात्र हायडेनहाइन कंपनीचा, मी आयुष्यभर फानुकच्या कंट्रोलवर वाढलेला, तरी दोन आठवड्यांत जमलं. फोन जमला नाही. स्टोअरमधून फोन यायचा, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, कुठला पाहिजे, आणि समोरचा अस्सल श्वेबिश, म्हणजे तिकडची बोली, बोलायचा. मी रानडे इन्स्टिट्यूटला सकाळच्या बॅचला बसून, नंतर बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनला बी१ ची परीक्षा देऊन गेलो होतो, पुस्तकातलं जर्मन शिकून. पुण्याचं प्रमाण मराठी शिकून माणूस थेट मालवणात उतरावा ना, तसं झालं.

एक किस्सा सांगतो. दुसऱ्या आठवड्यात मायस्टर म्हणाला शुक्रवारी 'हाल्ब झ्वाय' ला ये. हाल्ब म्हणजे अर्धा, झ्वाय म्हणजे दोन, मी मनात केलं अडीच. अडीचला डबा घेऊन पोचलो तर मशीन चालू, दुसराच माणूस उभा, आणि मायस्टर घड्याळ दाखवतोय. हाल्ब झ्वाय म्हणजे दीड. दोनला अर्धा कमी. आपल्याकडे दीड-अडीचला वेगळे शब्द आहेत म्हणून आपलं बरंय. ओरडला नाही तो, पण महिनाभर मला वेळ सांगताना हातावर लिहून दाखवायचा, त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

तरी मराठी माणसाला जर्मन बाकीच्यांपेक्षा कमी छळतं असं माझं मत आहे. आकडे बघ, एकवीस म्हणजे आधी एक मग वीस, त्यांचं पण तसंच, आइन-उंड-त्स्वान्त्सिश. आमच्या बॅचला इंग्लिश मीडियमची पोरं तिथेच अडखळायची, आणि मी आयटीआयवाला पहिल्या दिवसापासून फाडफाड. तीन लिंगं पण आपल्यालाही आहेतच, फक्त कुठली वस्तू 'तो' आणि कुठली 'ती' ते पाठ करायला लागतं, त्यांच्याकडे चमचा 'तो', काटा 'ती' आणि सुरी 'ते', आता याला काय म्हणायचं. नोकरी सांभाळून बी१ ला मला दीड वर्ष लागलं. शिफ्ट फिरती असेल तर अजून लागेल, सुपरवायझरला पटवून सहा महिने एकच शिफ्ट घे.

पैशाचं सरळ सांगतो, कारण कोणी सांगत नाही. पूर्ण बरोबरी झाल्यावर माझा कागदावरचा पगार ३,१०० युरो. हातात साधारण २,१००. टॅक्स, हेल्थ इन्शुरन्स, पेन्शन, बेकारीचा विमा सगळं कापून. बायको भारतात त्यामुळे टॅक्स एकट्या माणसाचाच. त्यातून एक खोली, हीटिंग धरून ५४०, आणि आत शिरताना तीन महिन्यांच्या भाड्याचं डिपॉझिट. ट्रेन-बसचा पास तेव्हा ४९. जेवण २८०, तेही घरी करून, डबा नेऊन. महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचे, प्रत्येक घराला, टीव्ही असो नसो, माझ्याकडे टीव्ही नव्हताच तरी भरले. सगळं जाऊन, वर्षाचं एक विमानाचं तिकीट बाजूला काढून, ८००-९०० युरो शिल्लक पडायचे, म्हणजे ७५ हजाराच्या आसपास. भोसरीत तेव्हा माझी शिल्लक महिन्याला सहा हजार होती. त्यामुळे पैसा नाही असं मी म्हणणार नाही, मोशीला वन बीएचके त्यातूनच झाला. फक्त महिन्याला दोन लाख शिल्लक पडतात असं डोक्यात धरून निघू नकोस.

मग परत का आलास, हे सगळेच विचारतात. मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, खेड तालुक्यात, पर्मनंट. ती मे महिन्याच्या सुट्टीत एकदा आली, सहा आठवडे राहिली, गाव आवडलं तिला. पण नोकरी सोडून तिकडे येऊन ती करणार काय, परत ए१ पासून भाषा, आणि तिच्या शिक्षणाची बरोबरी वेगळीच. माझ्या पगारासाठी तिचा पगार आणि तिचं पेन्शन सोडायचं, हा हिशोब कागदावर चार वेळा मांडला, चारही वेळा बसला नाही. पोरगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. मे अखेर निघालो. दोन महिने थांबला असतास तर कायमचा परवाना मिळाला असता, असं माझा मेहुणा अजून दर कार्यक्रमाला ऐकवतो, कुशल कामगाराला तीन वर्षांनी तो मिळतो हे बरोबर आहे, पण तोही सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की जातो. मेहुण्याला ते पटत नाही. खरं सांगू, मलाही कधीकधी रात्री वाटतं की थांबायला हवं होतं.

तुझं लग्न ठरतंय लिहिलंयस. मग ते तिच्याशी आत्ताच बोल, साखरपुड्याच्या आधी.

आणि या आठवड्यात एक काम कर. तू कंपनीच्या रोलवर आहेस का कॉन्ट्रॅक्टरच्या? चाकणला बरीच पोरं कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर असतात, मशीन मोठ्या कंपनीचं आणि पगार स्लिपवर भलत्याच लेबर कॉन्ट्रॅक्टरचं नाव. दोन वर्षांनी कॉन्ट्रॅक्टर बदलला की जुना फोन उचलत नाही आणि अनुभवाचं पत्र मिळत नाही. माझी तीन वर्षं अशीच वाया गेली, न्यूर्नबर्गला ती दाखवताच आली नाहीत. त्यामुळे ओळख आहे तोवर पत्र घे, त्यात नुसतं 'ऑपरेटर म्हणून काम केले' नको, कुठलं मशीन, कुठला कंट्रोल, सेटिंग करतोस का, प्रोग्राम एडिट करतोस का, माप काय काय घेतोस, हे सगळं तारखांसकट लिहून घे आणि सही-शिक्का. आयटीआयची दोन्ही वर्षांची मार्कशीट, सिलॅबस तासांसकट, अप्रेंटिसचं सर्टिफिकेट. हे गोळा करायला पाचशे रुपये पण लागत नाहीत, आणि जर्मनी नाही झालं तरी इथे दुसरीकडे लागायला कामालाच येतं.

थंडीचं विचारलंयस शेवटी. बाहेर असते, पण माप बिघडू नये म्हणून आमच्या शॉपमध्ये बाराही महिने वीस-बावीस डिग्री ठेवायचे. मे महिन्यात भोसरीच्या पत्र्याखाली सेकंड शिफ्ट केलेल्या माणसानं थंडीला काय घाबरायचं.