मोबाईल सगळे वाचून दाखवतो, मग ब्रेलसाठी मुलीला निवासी अंध शाळेत ठेवावे का?

आपली मुलगी सात वर्षांची आहे, तिला अजिबात दिसत नाही आणि एका कानाने कमी ऐकू येते, असे आपण लिहिले आहे. त्या शेवटच्या अर्ध्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो. एरवी 'होय, ठेवा' एवढ्यावर भागले असते.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचा असतो, हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळले आणि तोवर पडदा सुटलेला होता. सहाव्या वर्षी तिला निवासी अंध शाळेत घातले, तेव्हा 'लेकरू टाकून देता काय' असे म्हणून माझी आई दोन दिवस जेवली नाही. धाकट्या भावाचा विरोध अधिक आधुनिक होता. त्याचे तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. "दादा, फोन आता बोलते. थे ठिपके कोन वाचते?" हे त्याचे वाक्य मी पुढे प्रत्येक सणाला ऐकले. ब्रेलमधील पुस्तके जाड असतात, छापील एका पुस्तकाचे कित्येक खंड होतात. ते पाहून हे उंदरांच्या कामाचे आहे, असेही तो म्हणाला.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगी जाड कागदावर 'आई' लिहून घेऊन आली. ब्रेलचे अक्षर सहा ठिपक्यांच्या ठरलेल्या जागांतून बनते. 'आ' म्हणजे तिसरा, चौथा व पाचवा ठिपका. त्यातला चौथा गाळला की 'ई' होते. त्या सुट्टीत सपरीत बसून मी तिच्याकडूनच ब्रेल शिकलो. ब्रेलच्या पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे आणि उलटे टोचावे लागते, कारण कागद पालटल्यावर ठिपके वर येतात. मला ते जमता जमत नसे आणि मुलगी माझ्या चुका काढत असे, जे शिक्षकाला झोंबणारच.

ती नऊ वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि आम्ही नागपूरला एका रुग्णालयात होतो. पाचव्या दिवशी ताप उतरला. ती उठून बसली, थोडा वेळ थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, सारे चूप काहून झाले?" त्या वेळी वॉर्डात चहावाल्याची किटली वाजत होती आणि शेजारच्या खाटेवरचे मूल जिवाच्या आकांताने रडत होते. माझी मेहुणी तिच्या तळहातावर बोटाने अक्षरे गिरवू लागली, परंतु देवनागरी अक्षर कसे दिसते हे त्या मुलीने जन्मात पाहिलेले नव्हते. भावाने दिलेला बोलका फोन पिशवीत होता. तो बोलून उपयोग काय?

मी औषधाचे रिकामे खोके फाडले, बायकोच्या साडीची पिन घेतली आणि 'ताप गेला, कान बंद' एवढे टोचून तो पुठ्ठा तिच्या बोटांखाली दिला. तिने तो दोनदा चाचपला. "काड? काड म्हंजे काय?" घाईत मी 'न' उलटा टोचायला विसरलो होतो आणि सुलट टोचलेला 'न' पालटून वाचला की 'ड' होतो. मी दुरुस्त करायच्या आतच तिचा हात कानाकडे गेला. मग तिने विचारले, "उघडतीन काय?" त्याचे उत्तर पुठ्ठ्यावर मावणार नाही, असे मी स्वतःला सांगितले, खरे म्हणजे मला ते टोचवले नाही.

मेंदूज्वरानंतर आतल्या कानाच्या शंखात हाड वाढू लागते, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, निर्णय लवकर घ्यावा लागतो, हे त्या रुग्णालयात आम्हाला कोणीही सांगितले नाही. आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. अंध शाळेने सुरुवातीला 'हिला आता मूकबधिर शाळेत न्या' असे सांगितले आणि मूकबधिर शाळेने, जिथे सगळा कारभार डोळ्यांनी पाहायच्या खुणांवर चालतो, 'ही अंध शाळेची मुलगी' म्हणून परत पाठवले. मुंबईची हेलन केलर संस्था १९७७ पासून बहिरांध मुलांना शिकवते आहे, पण आमच्यासाठी मुंबई लांब होती. अखेर त्याच अंध शाळेतील एका बाईंनी मुलीला ठेवून घेतले. त्या तिच्या दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांना ब्रेलच्या यंत्राच्या सहा कळा समजून त्यांवर टकटक करत बोलत. डाव्या तर्जनीवर पहिला ठिपका, उजव्या तर्जनीवर चौथा. एका आठवड्यात ती हसायला लागली. ब्रेल येत नसते, तर त्या बाईंनी तरी कशावर टकटक केली असती?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जे मूल फक्त ऐकून शिकते त्याला शिकलेले म्हणू नये. डोळस मुलाला पुस्तक न देता नुसते वाचून दाखवणारी शाळा आपण एक दिवस तरी चालवून घेतली असती का?

आपल्या प्रश्नातला राहिलेला भाग. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने, मोफत शिकता येते. विदर्भात नागपूर, अमरावती आणि वरोऱ्याचे आनंदवन येथे अंध शाळा आहेत. जाऊन पाहा, आणि कार्यालयात बसून न राहता मुले जेवत असताना जा. कानांची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहणारी) आधी करून घ्या आणि प्रमाणपत्रावर दोन्ही दिव्यांगत्वांची नोंद करून घ्या, कारण बहिरांधता या कायद्यात बहुविकलांगतेखाली स्पष्ट धरलेली आहे. गावातल्या शाळेत ब्रेल जाणणारा फिरता विशेष शिक्षक खरोखर नियमित येत असेल, तर मुलीला घरी ठेवायलाही माझी हरकत नाही. प्रत्येक निवासी शाळा चांगली असते, असेही मी म्हणत नाही. आमच्या मुलीच्या डोक्यात पहिल्या वर्षी उवा झाल्या होत्या आणि ती रात्री रडत असे, हे मी आईला आजवर सांगितलेले नाही.

भावाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हेही लिहिले पाहिजे. आता मुलीजवळ वीस अक्षरांची ओळ उमटवणारे ब्रेल यंत्र आहे, ते फोनला जोडले की आलेला निरोप तिच्या बोटांखाली ठिपक्यांनी उमटतो. जोडणी त्यानेच करून दिली. दुकानातून तो तिला 'पोळ्याला येतो' असे लिहितो आणि ती त्याला लगेच उत्तर देते. मात्र समोर आला की तो अजूनही तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो. सहा ठिपके शिकायला त्याला अकरा वर्षांत सवड झालेली नाही.