फेसिंग द जायंट्सची डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर पुसट दिसते, ब्लू-रे घेतली तर फरक पडेल का?

तुम्ही विचारलंय की या पिक्चरची जुनी डीव्हीडी तुमच्याकडे आहे, नवीन ५५ इंची टीव्हीवर ती पुसट दिसते, फोकस हलल्यासारखी वाटते, तर डिस्क खराब झाली असेल का आणि ब्लू-रे घेण्यात अर्थ आहे का. डिस्क खराब नाहीये. आणि ब्लू-रे जरूर घ्या, फक्त ती लावल्यावर चित्र एकदम काचेसारखं लख्ख होईल असं मनात धरून घेऊ नका, कारण या पिक्चरमध्ये तेवढा लख्खपणा मुळातच नाहीये.

हा अमेरिकन फुटबॉल आणि देवावरची श्रद्धा यावरचा पिक्चर २००६ चा. जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावच्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने काढला, बजेट साधारण १ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात काहीच नाही, त्यात कलाकार आणि मदतीला आलेली बरीचशी माणसं चर्चचेच स्वयंसेवक. ॲलेक्स केंड्रिकने दिग्दर्शनही केलं आणि कोच ग्रँट टेलरचं कामही स्वतःच केलं, भावाबरोबर बसून गोष्ट लिहिली ती वेगळीच. थिएटरमध्ये त्याने १ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. एवढ्या पैशात ३५ एमएमची रिळं, लॅबचा खर्च वगैरे परवडणारच नव्हतं, म्हणून त्यांनी पॅनासॉनिकचा व्हॅरिकॅम वापरला. त्या काळात तो चांगला डिजिटल कॅमेरा होता, पण ७२० ओळींचा, म्हणजे चित्र वरून खाली ७२० आडव्या ओळींत टिपणारा.

आता इथे जरा आकडेमोड करतो कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. व्हॅरिकॅम टेपवर एक फ्रेम ९६० बाय ७२० अशी साठवतो, गुणाकार केला तर ६,९१,२०० ठिपके. अमेरिकन डीव्हीडीची फ्रेम ७२० बाय ४८०, म्हणजे ३,४५,६००, टेपच्या बरोब्बर निम्मे. आणि ब्लू-रे १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६००, टेपच्या बरोब्बर तिप्पट. म्हणजे तुमच्या डीव्हीडीत निम्मे ठिपके सुटलेत, ते ब्लू-रेवर परत मिळतात, पण त्याच्या वर जे आहे ते मशीनने ताणून भरलेलं, कॅमेऱ्याने ते कधी बघितलेलंच नाही. डिस्कच्या डब्यावर फुल एचडी लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण आतला माल ७२० चा. काही लोक ब्लू-रे बघून ‘ट्रान्सफर (म्हणजे टेपवरून डिस्कवर उतरवणं) वाईट केलंय’ म्हणतात ते मला पटत नाही.

उलट गंमत बघा, चॅरियट्स ऑफ फायर १९८१ चा, म्हणजे पंचवीस वर्षं जुना, विषय जवळचाच, खेळ आणि श्रद्धा, धावपटू एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची हीट (प्राथमिक फेरी) रविवारी, देवाच्या दिवशी, म्हणून सोडली आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदात जिंकली ती गोष्ट. तो ३५ एमएमवर शूट झालाय. त्यामुळे निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली की आणखी तपशील बाहेर काढता येतो, समुद्रकिनाऱ्यावर धावताना अंगावर उडालेलं पाणी आणि चिखलसुद्धा. डिजिटल टेपचं तसं नाही, जेवढं त्या दिवशी टेपवर गेलं तेवढंच, पुढे कितीही चांगलं मशीन आलं तरी.

मग ब्लू-रे घ्यायची कशासाठी? गवतासाठी. खरंच सांगतो. अमेरिकन फुटबॉलचा पिक्चर म्हणजे अर्धा वेळ पडद्यावर हिरवं गवत आणि त्यावर धावणारी माणसं, आणि डीव्हीडीच्या एमपेग-२ ला (चित्र दाबून लहान करायची पद्धत) सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर हलणाऱ्या गवताचा. व्हिडिओला सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात, त्यातून १११ मिनिटांचा पिक्चर आणि वर एक्स्ट्रा एकाच डिस्कवर बसवायचं म्हणजे हात आखडता घ्यावाच लागतो. कॅमेरा जागेवर असेल तोपर्यंत ठीक, कॅमेरा फिरला रे फिरला की गवताचा हिरवा लगदा होतो आणि हेल्मेटच्या कडेला चौकोन नाचायला लागतात. ब्लू-रेला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. त्यामुळे तपशील तिप्पट नसला तरी जो आहे तो हलताना टिकतो, हा खरा फरक.

डेथ क्रॉलचा सीन घ्या, हा पिक्चर ज्यांना आवडतो त्यांना बहुतेक त्याचमुळे आवडतो. कोच ब्रॉक नावाच्या खेळाडूच्या डोळ्यावर पट्टी बांधतो, पाठीवर जेरेमी या दुसऱ्या खेळाडूला घेऊन हातापायावर रांगायला लावतो, गुडघा टेकवायचा नाही, ५० यार्डापर्यंत, म्हणजे मैदानाच्या मध्यापर्यंत, जा म्हणतो आणि स्वतः शेजारी खाली वाकून ओरडत राहतो, ब्रॉक म्हणतो हात जळतायत, कोच म्हणतो जळू दे, आणि पट्टी काढली तेव्हा पोरगा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, एंड झोनमध्ये. मी हा सीन डीव्हीडीवर कितीतरी वेळा बघितला होता आणि प्रत्येक वेळी लक्ष त्या दोघांवरच असायचं कारण मागे दुसरं काही दिसायचंच नाही, मागची टीम म्हणजे नुसते रंगाचे ठिपके. ब्लू-रेवर पहिल्यांदा लावला तेव्हा मागे बसलेली पोरं दिसली. सुरुवातीला आरामात बसलीयेत, मग हळूहळू एकेक जण उभा राहतो, कुणी त्यांना सांगितलेलं नाही. सीन तर तोच, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यात पाणी आलं, कारण श्रद्धा एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते ते संवादात नाही तर त्या मागच्या पोरांच्या उभं राहण्यात आहे, आणि ते डीव्हीडीत गवताबरोबर पुसलं गेलं होतं. माझ्यापुरते डिस्कचे पैसे तिथेच वसूल झाले.

फ्लडलाइटखालच्या मॅचमध्येही फरक आहे, काळ्या आभाळात डीव्हीडीवर पट्टे पडतात ते कमी होतात. चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये फारसा फरक नाही. घरातले, ऑफिसातले सीन थोडे सपाट, व्हिडिओसारखे वाटतील, ते तसेच आहेत, लायटिंगच साधं होतं, त्याला कुठलीच डिस्क काही करू शकत नाही.

ब्लू-रे येईपर्यंत (आणि आल्यावरही) टीव्हीचं सेटिंग मात्र आजच बघा. शार्पनेस वाढवून ठेवला असेल तर खाली आणा. मीही आधी तीच चूक केली होती, पुसट दिसतंय म्हणून शार्पनेस ८० वर नेला, तर गोलपोस्टच्या पिवळ्या खांबांना दोन्ही बाजूंनी पांढरी किनार आली आणि खेळाडू कागदातून कापून चिकटवल्यासारखे दिसायला लागले. दुसरं, मोशन स्मूदिंग, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, ते पूर्ण बंद करा. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा आहे, टीव्ही मधल्या फ्रेम मनाने बनवतो आणि मग सगळं सिरियलसारखं गुळगुळीत वाटतं, त्यात हा पिक्चर आधीच व्हिडिओवर शूट झालेला, त्याला तर ते अजिबात सोसत नाही. सिनेमा किंवा फिल्म मोड लावा. आणि ब्लू-रे प्लेयरमध्ये २४पी आउटपुट, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम तशाच पाठवायचं सेटिंग, चालू ठेवा.

आवाजाचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो. मॅचच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नाही ही तक्रार बऱ्याच जणांची असते. बोलणं मधल्या स्पीकरमधून यावं असं ५.१ मिक्स (सहा स्पीकरसाठी वाटलेला आवाज) असतं, ते टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबलं की प्रेक्षकांच्या आरडाओरड्याखाली दबतं. प्लेयरच्या ऑडिओ मेनूत स्टिरिओ किंवा पीसीएम (न दाबलेला साधा आवाज) करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. पिक्चरमध्ये शाळेत येऊन प्रार्थना करणारा मिस्टर ब्रिजेस कोचला दोन शेतकऱ्यांची गोष्ट सांगतो ना, दोघांनी पावसासाठी प्रार्थना केली पण एकानेच जाऊन शेत तयार केलं, ते बोलणं अगदी शांत आवाजात आहे, आवाज लावायचा तर त्या सीनवर लावा, मॅचच्या सीनवर नको. तिथे एकेक शब्द नीट ऐकू आला की बाकी पिक्चरला व्हॉल्यूमला हात लावावा लागत नाही.

घेताना एकच बघा, डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेयरवर चालेल ते रीजनवर ठरतं, अमेरिकन डीव्हीडी रीजन १ ची असते आणि ब्लू-रेचे रीजन वेगळे, ए, बी, सी असे. तुमच्या प्लेयरवर डीव्हीडी चालते म्हणून ब्लू-रेही चालेल असं नाही, डब्याच्या मागे छोट्या षटकोनात अक्षर असतं ते प्लेयरशी जुळवून मगच ऑर्डर करा. डीव्हीडी टाकून देऊ नका, लहान स्क्रीनवर ती अजूनही छान चालते.