सिनेमा काढेल हो, पण खाईल काय?

प्रश्न : आम्ही २२ वर्षं नैरोबीत राहतो. मी एका कंपनीत हिशेबाचं काम पाहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे, शाळा इथेच झाली. गेल्या वर्षी त्याने हैले गेरिमा या इथिओपियन दिग्दर्शकाचा ‘सांकोफा’ पाहिला. तेव्हापासून एकच धोशा, अमेरिकेत सिनेमा शिकायचा आणि असेच सिनेमे काढायचे. आमच्या घरात या वाटेला कुणी गेलेलं नाही. बी.कॉम. कर म्हटलं की जेवायचा थांबतो. परक्या देशात राहून हा गेरिमा पोट कसं भरत होता? आमचा मुलगा सिनेमा काढेल हो, पण खाईल काय?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

शेवटचा प्रश्न तुम्ही वैतागून विचारला असेल, पण पत्रातला तोच सगळ्यात कामाचा आहे. मुलाने गेरिमांचा सिनेमा पाहिला. आता तुम्ही दोघं मिळून त्यांचा जमाखर्च पाहा.

गेरिमांचा जन्म १९४६चा, इथिओपियातल्या गोंडरचा. वडील नाटककार. १९६७मध्ये ते शिकागोला गेले तेही अभिनय शिकायला. सिनेमा नंतर आला, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात. शिकत असतानाच त्यांनी इथिओपियात जाऊन ‘हार्वेस्ट : ३००० इयर्स’ हा कृष्णधवल सिनेमा अम्हारिक भाषेत चित्रित केला. चित्रण जेमतेम दोन आठवड्यांचं. राजे हैले सेलासी नुकतेच पदच्युत झाले होते, देश हातचा निसटत होता. हे मुलाला मुद्दाम सांगा. शिकायला गेरिमा अमेरिकेत होते, गोष्ट मात्र घरची होती.

आता पोटाचं. १९७५पासून गेरिमा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सिनेमा शिकवू लागले आणि पुढची कित्येक दशकं शिकवत राहिले. म्हणजे जमेची बाजू मास्तरकीची. ‘सांकोफा’ १९९३चा आणि त्यानंतरचा त्यांचा मोठा कथापट ‘तेझा’ २००८चा. मधे ‘अद्वा’ हा माहितीपट झाला, तरी कथापटांत १५ वर्षांचं अंतर आहेच. ‘तेझा’ला व्हेनिस महोत्सवात ज्युरीचा विशेष पुरस्कार आणि पटकथेचा पुरस्कार मिळाला, पण पुरस्काराच्या आशेवर वाणी १५ वर्षं उधारी ठेवत नाही.

दुसरी नोंद तुमच्यासारख्या हिशेबनीसालाच नीट कळेल. ‘सांकोफा’ बर्लिन महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता, तरी अमेरिकेत तो घ्यायला वितरक पुढे आला नाही. गुलामगिरीची गोष्ट, तीही गुलामांच्या बाजूने. गेरिमा आणि त्यांच्या पत्नी शिरिकियाना ऐना यांनी मग वॉशिंग्टनमध्ये थिएटरच भाड्याने घेतलं. भाडं आपलं, तिकिटाचे पैसेही आपले, आणि बुडालं तर तेही आपलंच. कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये तोंडी बातमी पसरली, खेळ आठवडेच्या आठवडे चालला, मग हेच एकेका शहरात. पुढे हॉवर्डसमोरच त्यांनी पुस्तकांचं आणि व्हिडिओचं दुकान काढलं, नाव अर्थात ‘सांकोफा’. सिनेमाचे हक्क त्यांनी हातचे जाऊ दिले नाहीत. २०२१मध्ये अमेरिकन दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांच्या ‘अ‍ॅरे’ या वितरण संस्थेने तो नव्याने दुरुस्त करून नेटफ्लिक्सवर आणला. २८ वर्षांपूर्वीचा माल, पण मालक तेच.

सगळ्यांना विद्यापीठाची नोकरी मिळते असं नाही. मॉरिटानियाचे दिग्दर्शक मेद होंदो फ्रान्समध्ये स्वयंपाकी होते, गोदीतही राबले. पुढे त्यांनी फ्रेंच डबिंगमध्ये आवाज दिला. हॉलिवूडचा एडी मर्फी फ्रेंच बोलायचा तेव्हा अनेकदा तो आवाज होंदोंचा असायचा, ‘श्रेक’मधल्या गाढवाचासुद्धा. स्वतःचे सिनेमे मात्र त्यांनी वसाहतवादावर आसूड ओढणारेच काढले.

तुमच्या गावातलंच उदाहरण हवं असेल तर दिग्दर्शिका वनुरी काहिउ. नैरोबीच्या. आधी इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात व्यवस्थापनाची पदवी, मग त्याच यूसीएलएमध्ये दिग्दर्शन. त्यांचा ‘रफिकी’ २०१८मध्ये कान महोत्सवात निवडला गेलेला पहिला केनियन सिनेमा. दोन मुलींच्या प्रेमाची गोष्ट म्हणून देशात बंदी आली. त्या कोर्टात गेल्या, सात दिवसांची मुभा मिळाली आणि तेवढ्यात नैरोबीत हाऊसफुल्लच्या पाट्या लागल्या.

तेव्हा बी.कॉम.ला माझा विरोध नाही. पण वेड उतरवायचा उतारा म्हणून ते देऊ नका. व्यवस्थापनाच्या पदवीने काहिउंचं उतरलं नाही, याचंही कशाला उतरेल? पहिली पदवी नैरोबीत किंवा भारतात होऊ द्या, विषय त्याला ठरवू द्या. त्या तीन-चार वर्षांत त्याने संकलन किंवा ध्वनिमुद्रण यांपैकी एक काम हातात बसवावं. दिग्दर्शकाला कुणी रोज बोलवत नाही, चांगल्या साउंड रेकॉर्डिस्टला बोलवतात. नैरोबीत संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, त्यांना माहितीपट लागतात. अमेरिका पदव्युत्तरसाठी ठेवा, आणि शिष्यवृत्ती मिळाली तरच. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. पदवीनंतर साधारण वर्षभर काम करायची मुभा मिळते, मग पुढचा व्हिसा आपण शोधायचा. यात कर्जाचा हप्ता बसत नाही. हप्ता डोक्यावर घेऊन ‘स्वतंत्र’ राहिलेला दिग्दर्शक मी अजून पाहिलेला नाही.

एक गोष्ट पत्रात नाही. मुलाचा पासपोर्ट कुठला? भारतीय की केनियन? रॉटरडॅमचा ह्यूबर्ट बाल्स फंड किंवा बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड यांसारखे निधी ठराविक देशांतल्या सिनेमासाठीच आहेत. तिथे दिग्दर्शक कुठला, काम कुठलं, हे विचारलं जातं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा हा निर्णय घाईत घेऊ नका आणि त्याला विचारल्याशिवाय तर नकोच.

सध्या एवढंच करा. त्याला दहा मिनिटांचा सिनेमा करू द्या, मोबाइलवर चालेल. नैरोबीत वाढलेल्या मराठी मुलाला जे दिसतं ते, स्वाहिली-मराठीची सरमिसळ असेल तर तशीच ठेवून. मग त्याने एखादा छोटा हॉल भाड्याने घ्यावा आणि तिकीट लावून खेळ करावा. ओळखीच्यांना फुकट पास नाहीत, आईलासुद्धा नाही. वही तुम्ही लिहा. हॉलचं भाडं आणि तिकिटांची रक्कम यांतला फरक, उणे असला तरी, मला कळवा. कॉलेजांची यादी आपण त्यानंतर करू.